मंगळवारी काय पाहायचं?

ताडोबाचं गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असतं. पुण्या-मुंबईहून आलेल्या आणि बुकिंगच्या घाईत ही गोष्ट नजरेआड झालेल्या कुटुंबांना ती मोहर्लीच्या आसपासच्या एखाद्या रिसॉर्टमध्ये नाश्त्याच्या वेळी कळते. मग पोह्यांच्या बशीवरून विचारणा होते, आज काय पाहायचं? उत्तरही ठरलेलं असतं. बफरमध्ये जागा मिळते का पाहू, नाहीतर पोहण्याचा तलाव आहे, संध्याकाळी बांबूच्या वस्तूंचं दुकान आहे. म्हणजे एक दिवस कसाबसा ढकलायचा आणि बुधवारी पहाटे पुन्हा जिप्सीत बसायचं.

हा ढकललेला दिवस महाराष्ट्राच्या पर्यटनाची सगळ्यात मोठी उधळपट्टी आहे. त्याच गाडीनं, त्याच डिझेलमध्ये, सकाळी भद्रावती, दुपारी चंद्रपूर आणि उन्हं कलताना वैनगंगेकाठचं मार्कंडा एवढं सहज होतं. बौद्ध लेणं, जैन तीर्थ, नागाचं देऊळ, गोंड राजांचा परकोट, यात्रेची देवी आणि नदीकाठचा देवळांचा समूह एका दिवसात दाखवू शकणारे मुलूख राज्यात फार नाहीत. जॉर्डनला जाणारे मराठी प्रवासी मादाबाच्या चर्चमधला मोझेकचा नकाशा, मग नेबो पर्वत, मग जॉर्डन नदीचा काठ असा दिवस हौसेनं आखतात, त्यासाठी महिनाभर वाचन करतात. चंद्रपूरला मात्र ते फक्त वाघाचं वेळापत्रक घेऊन येतात. दोष त्यांना देण्यात अर्थ नाही. दुसरं वेळापत्रक त्यांच्या हातात कुणी ठेवलेलंच नाही.

ते न ठेवण्यामागं नुसता आळस नाही, एक समजूत आहे. ज्या दगडावर छिन्नी चालली तोच वारसा, असं आपण धरून चाललो आहोत. त्यामुळं कोरलेल्या दगडापुढं पुरातत्त्व खात्याची निळी पाटी लागते (काळजी घेतली जातेच असं नाही), आणि न कोरलेल्या डोंगराला खाणपट्टा मिळतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत एक दिवस फिरलं तरी ही समजूत किती आखूड आहे ते दिसतं.

सुरुवात भद्रावतीपासून करावी. जुनं नाव भांदक. रेल्वेचं स्थानक आजही भांदकच आहे. गावाच्या कडेला विजासनची टेकडी आहे आणि तिच्या पोटात सरळ आत गेलेलं लेणं. अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या माणसाची इथं पहिल्या मिनिटाला निराशा होते, कारण दर्शनी भागात मिरवण्यासारखं काही नाही. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम 1873-74 च्या सुमारास इथं आला तेव्हा त्यानं आतल्या बोळाची लांबी 71 फूट नोंदवली. त्या बोळाच्या शेवटी अखंड खडकातून काढलेली बुद्धमूर्ती बसलेली आहे. मुख्य बोळाला काटकोनात आणखी दोन बोळ फुटतात आणि त्यांच्याही टोकाला एकेक गाभारा. बाहेर चंद्रपूरचं ऊन असतं आणि चारच पावलांत डोळ्यांपुढं काळोख येतो. मोबाइलचा उजेड पाडला की आधी मांडी दिसते, मग हात, मग झिजलेला चेहरा. चेहऱ्याचे तपशील गेले आहेत. बसण्याची ऐट तेवढी गेलेली नाही.

या लेण्याची गंमत त्याच्या वयात जितकी आहे, तितकीच त्याच्या आजच्या गर्दीत आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा देऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबरला, चंद्रपूरला आले आणि तिथंही दीक्षासोहळा झाला. नागपूरचा सोहळा सगळ्या देशाला ठाऊक आहे. चंद्रपूरचा विदर्भाबाहेर फारसा कुणाला माहीत नाही. त्यानंतर विजासनची ही गुहा पुराणवस्तू राहिली नाही, ती पुन्हा वंदनेची जागा झाली. पांढऱ्या साडीतल्या बाया मुलांना घेऊन येतात, मेणबत्ती लावतात, त्रिशरण म्हणतात. शतकानुशतकं ओस पडलेल्या गाभाऱ्यात माणसं परत आली, हे देशातल्या फार थोड्या लेण्यांच्या नशिबी आलं. पर्यटन खात्याच्या पुस्तिकेत ही गोष्ट पहिल्या पानावर हवी.

गावातच भद्रनागाचं देऊळ आहे. नागपंचमीला तिथं रांगा लागतात. थोडं पुढं केसरियाजी पार्श्वनाथांचं जैन तीर्थ. तिथल्या मूर्तीला ‘स्वप्नदेव’ म्हणतात, कारण ती भग्न अवशेषांत पडून असल्याचा दृष्टान्त विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका जैन गृहस्थाला झाला, अशी परंपरा आहे. आज तिथली धर्मशाळा आणि भोजनशाळा इतकी व्यवस्थित चालते की दुपारच्या जेवणासाठी प्रवाशानं दुसरं हॉटेल शोधू नये. याच भांदकमध्ये राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याचा शके 694, म्हणजे इसवी सन 772 चा ताम्रपट सापडला. त्यात एका सूर्यमंदिराला गाव दान दिल्याची नोंद आहे. वेरूळचं कैलास लेणं ज्याच्या नावावर सांगतात, तोच हा राजा. बुद्ध, नाग, पार्श्वनाथ आणि सूर्य एवढे सगळे एका तालुक्याच्या गावात, आणि भोवती कोळशाच्या खाणी.

चंद्रपुरात शिरताना जटपुरा गेट लागतं. त्या वेशीतून शहराची सगळी वाहतूक एकमेकांना शिव्या देत आत-बाहेर करते. हा परकोट गोंड राजांचा. खांडक्या बल्लाळशहानं शहर वसवलं असं सांगतात. पुढच्या पिढ्यांनी भिंत पुरी केली. सुमारे 11 किलोमीटरचा घेर, चार वेशी आणि पाच खिडक्या. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर ही वेशींची नावं शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. खिडक्यांची नावं त्याहून बोलकी आहेत, त्यातली एक चोरखिडकी आणि एक मसणखिडकी. जिथून प्रेत न्यायचं ती वाट वेगळी. शहररचनेचं एवढं रोखठोक भान आजच्या विकास आराखड्यात सापडणार नाही.

2017 मध्ये ‘इको-प्रो’ या स्थानिक संस्थेच्या पोरांनी बंडू धोतरे यांच्याबरोबर हा परकोट साफ करायला घेतला. झुडपं तोडली, कचऱ्याचे ढीग उपसले, बुरुज मोकळे केले. काम शेकडो दिवस चाललं. पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचं नाव घेतलं तेव्हा कुठं चंद्रपूरबाहेरच्या लोकांना कळलं की या शहराला किल्ला आहे. कौतुक झालंच पाहिजे. पण संरक्षित स्मारकातली झाडोरा-काढणी हौशी तरुणांच्या घामावर अवलंबून असावी, यात कौतुकाबरोबर थोडी लाजही आहे.

याच गावातली महाकाली. चैत्रात तिची यात्रा भरते आणि यात्रेकरूंचा मोठा लोंढा येतो तो नांदेड, परभणीकडून, शिवाय तेलंगणातून. चंद्रपूरकरांपेक्षा मराठवाड्याचीच माणसं जास्त दिसतात. चैत्रातलं चंद्रपूर म्हणजे भट्टी. पारा चाळिशी ओलांडून किती वर गेला हे कुणी मोजत बसत नाही. तरीही बाया झरपटीत अंघोळ करतात, ओल्या लुगड्यानं रांगेत उभ्या राहतात. झरपट म्हणजे आता शहराचं सांडपाणी वाहून नेणारा ओढा झाला आहे. चारशे किलोमीटरवरून आलेल्या भाविकाला देवीच्या दारात आपण कुठल्या पाण्यात उतरवतो, याचा जाब कुणी कुणाला विचारत नाही. देवळासाठी कोट्यवधींच्या विकासकामांच्या घोषणा होत राहतात. त्यातली पहिली वीट झरपटीच्या पाण्यासाठी लागली पाहिजे.

हे देऊळ राणी हिराईनं बांधलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तिनं लहान वयाच्या रामशहाच्या वतीनं कारभार पाहिला, आणि पती बीरशहाची समाधीही तिनंच उभारली. अंचलेश्वराजवळची ती समाधी वेळ काढून पाहावी. राजानं राणीसाठी बांधलेल्या इमारतीचा या देशात केवढा बोलबाला आहे. राणीनं राजासाठी बांधलेली ही वास्तू मात्र रिक्षावाल्याला दोनदा समजावून सांगावी लागते. ताडोबातला गाइड माया वाघिणीची वंशावळ न चुकता सांगतो. हिराईची सांगणारा माणूस कुणी तयार केलेला नाही.

शहराच्या दक्षिणेला, बाबूपेठ-लालपेठच्या बाजूला, आणखी एक जागा आहे. तिथं मोठमोठ्या मूर्ती आडव्या पडून आहेत. गणपती, नंदी, शेषशायी, मत्स्य, कूर्म, शिवलिंग आणि दहा तोंडांची दुर्गा. दुर्गा सगळ्यात मोठी, पंचवीस फुटांच्या आसपास. लोक तिला वर्षानुवर्षं ‘रावण’ म्हणत आले, दहा तोंडं म्हटली की दुसरं कोण सुचणार? रायप्पा कोमटी नावाच्या धनिकानं गोंड राजवटीत भलं थोरलं शिवालय बांधायला काढलं, मूर्ती घडवून घेतल्या आणि देऊळ उभं राहण्याआधीच तो गेला, अशी कथा आहे. म्हणून या जागेला ‘अपूर्ण देवालय’ म्हणतात. दुर्गेच्या पोटावर उभं राहून फोटो काढणाऱ्या पोरांना हटकावं असंही तिथं कुणी नसतं. संरक्षित स्मारक आहे म्हणतात. संरक्षण कशापासून, ते कळत नाही.

आता मार्कंड्याकडं निघण्यापूर्वी उत्तरेकडच्या एका गावाचं नाव घ्यायला हवं. तिथं जाऊन पाहण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही, आणि मुद्दा तोच आहे. नागभीड तालुक्यातल्या देवटेक इथं एक मोठी शिला सापडली. तिच्यावर दोन लेख. एक वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा. दुसरा त्याहून कितीतरी जुना, अशोकाच्या काळचा. प्राच्यविद्या संशोधक वा. वि. मिराशींनी तो वाचला तेव्हा त्यात प्राण्यांना पकडू आणि मारू नये अशी धन्याची आज्ञा असल्याचं निघालं. म्हणजे ज्या जिल्ह्यात आज वाघ पाहायला देश लोटतो, तिथंच बावीसशे वर्षांपूर्वी प्राणिहत्याबंदीचा हुकूम दगडावर कोरला गेला होता. ही शिला आता नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या संग्रहालयात आहे. ती तिथं सुरक्षित आहे, राहू द्या. पण तिची ठशावरून केलेली एक प्रतिकृती देवटेकला आणि एक मोहर्लीच्या फाटकावर ठेवायला किती खर्च येईल? जंगलात शिरण्याआधी प्रत्येक पर्यटकाला ‘प्लास्टिक नेऊ नका’ ही पाटी दाखवतात. तिच्या शेजारी ही दुसरी, जास्त जुनी पाटी शोभून दिसेल.

वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. जिल्हा 26 ऑगस्ट 1982 ला झाला, त्याआधी सगळं चांदाच, म्हणजे आजचं चंद्रपूर. चामोर्शी तालुक्यात मार्कंडादेवजवळ ही नदी वळण घेते आणि काही अंतर उत्तरेकडं वाहते. दक्षिणेला जाणारी नदी माघारी फिरली की तिथं तीर्थ होतं, हा आपल्याकडचा जुना नियम. म्हणून ही विदर्भाची काशी. महाशिवरात्रीला इथं मोठी जत्रा भरते. एरवी लोक अस्थी घेऊन येतात. मार्कंडेयाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, सोळा वर्षांचं आयुष्य, पिंडीला मारलेली मिठी आणि हात हलवत परत गेलेला यम. गंमत अशी की इथल्या समूहात यमाचंही देऊळ आहे. हरलेल्यालाही जागा दिली आहे.

कनिंगहॅमनं या जागेचं मोजमाप घेतलं. 196 फूट लांब, 118 फूट रुंद आवार आणि आत लहानमोठी वीसेक देवळं. खजुराहोशी त्यानं तुलना केली ती उगाच नव्हे. मुख्य देवळाच्या भिंतीवर माणसांच्या आकृत्यांच्या एकावर एक तीन ओळी आहेत आणि मधेमधे सिंह-हत्ती. जवळ जाऊन एकच ओळ पाहावी. एक सुरसुंदरी आरशात बघते आहे, तिचा हात वर गेला आहे आणि त्या हालचालीनं कमरेवर पडलेली वळी शिल्पकारानं सोडलेली नाही. शेजारच्या शिवाच्या पायाशी कुणीतरी आजच सकाळी ओलं कुंकू लावलं आहे. मूर्ती संग्रहालयात गेली की ते कुंकू जातं आणि तिचं निम्मं आयुष्य जातं. विदर्भात काळ्या दगडाचं काहीही दिसलं की ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळं होण्याची रीत आहे. हेमाद्रीपंडित तेराव्या शतकातला. मार्कंड्याचं काम त्याच्याआधीचं आहे, आणि त्याची घडणही वेगळी.

या देवळावर अठराव्या शतकात वीज पडली. सन 1777 सांगतात. शिखराचा वरचा भाग कोसळून महामंडपाच्या छतावर आला. पुढं एका गोंड राजानं आतून जाडजूड खांब आणि कमानी घालून पडझड थोपवली. नाजूक खांबांच्या रांगेत उभे असलेले ते ओबडधोबड टेकू आजही ओळखू येतात. रसिकाला ते खटकतात. त्यांच्यामुळं छत टिकलं.

गेल्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं शिखराचे दगड उतरवून, क्रमांक घालून, पुन्हा रचण्याचं काम हाती घेतलं. ते सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. मधली वर्षं भाविकांनी लोखंडी परांचीखालून दर्शन घेतलं आणि आवारात मांडून ठेवलेल्या दगडांच्या रांगांमधून वाट काढली. असं काम हळूच करायचं असतं, ते मान्य. शेकडो दगड पुन्हा नेमक्या जागी बसवणं म्हणजे शाळेच्या खोलीवर स्लॅब टाकणं नव्हे. जुनी छायाचित्रं, रेखाटनं आणि कारागीर या तिन्हींचा मेळ बसावा लागतो. पण हळू करणं वेगळं आणि बंद ठेवणं वेगळं. कोणत्या महिन्यात कोणता थर चढणार आणि काम का थांबलं, एवढं सांगणारा मराठीतला एक फलक दारात लावायला निविदा काढावी लागत नाही. ज्यांचा देव आहे त्यांनाच कामाची माहिती मागून घ्यावी लागते, हे बरोबर नाही.

इथं मादाबाची आठवण येते. जॉर्डनमधल्या या गावी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या ख्रिस्ती वस्तीनं पडक्या चर्चच्या जागी नवं चर्च बांधायला घेतलं आणि जमिनीखाली सहाव्या शतकातला मोझेकचा नकाशा निघाला. रंगीत दगडांचे लाखो तुकडे, त्यात जेरुसलेमची वेस, खांबांचा रस्ता, जॉर्डन नदीत पोहणारे मासे. निम्म्याहून अधिक नकाशा नष्ट झाला आहे. उरलेला त्यांनी उचलून नेला नाही. सेंट जॉर्जच्या त्याच चर्चमध्ये तो जमिनीवर आहे, भोवती दोर आहे, आणि प्रार्थनाही तिथंच होते. पर्यटकांमुळं गावाचं पोट भरतं आणि चर्च गावाचंच राहतं. मार्कंड्याला हेच जमू शकतं. अट एवढीच की बाहेरून येणारा पाहुणा आणि शिवरात्रीला बैलगाडीनं येणारा भाविक, यांत आधी कोणाची सोय बघायची ते ठरलेलं असावं. स्मारक संरक्षण कायद्याच्या 2010 च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे, पुढच्या दोनशे मीटरवर नियंत्रण आहे. नियम चांगला आहे. त्याचा आधार घेऊन सावली, पिण्याचं पाणी आणि बायांसाठी स्वच्छतागृह यांची सोयच करायची नाही, हे मात्र नियमात कुठं लिहिलेलं नाही. तीनशे मीटरपलीकडं जागा भरपूर आहे.

इथपर्यंतचा दिवस छिन्नी-हातोड्याचा झाला. बहुतेक लेख, पुस्तिका आणि सहली इथंच संपतात.

पण चामोर्शीच्या परिसरात, आरमोरीजवळच्या अरसोड्याला, तिकडं चिमूर तालुक्यातल्या हिरापूरला, देवळांपेक्षा कितीतरी जुने दगड उभे आहेत. कुठं गोल मांडलेली शिळावर्तुळं, कुठं चार शिळा उभ्या करून वर पाचवी ठेवलेली दगडी खोली. त्यांच्यावर नक्षी नाही, लेख नाही. मेलेल्या माणसांची आठवण म्हणून लोहयुगातल्या माणसांनी ती उभी केली असं पुरातत्त्वज्ञ सांगतात. ही परंपरा मेलेली नाही, ही खरी नवलाची गोष्ट. भामरागडकडचे माडिया आदिवासी आजही आपल्या माणसाच्या नावानं दगड उभा करतात. गावाबाहेर, वाटेच्या कडेला, कमरेएवढे, छातीएवढे दगड ओळीनं रोवलेले दिसतात आणि त्यातला शेवटचा अजून नवा असतो. युरोपातल्या अशाच दगडांपुढं तिकीट काढून उभं राहणाऱ्याला ते कुणी का उभे केले याचा अंदाज बांधावा लागतो. भामरागडला तो दगड रोवणाऱ्यालाच विचारता येतं. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी यावर शोधनिबंध लिहिले आहेत. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकाला मात्र अजून सवड झालेली नाही.

ताडोबाचंही असंच. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला. तळ्याकाठच्या मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे, आणि ताडोबा हे नाव त्याचंच. पौषात तिथं आदिवासींची जत्रा भरायची. 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, पुढं व्याघ्रप्रकल्प आला आणि देवाच्या वाटेवर फाटक बसलं. वाघासाठी निवांत जंगल हवं, यात वाद नाही. पण हजारो रुपयांचं तिकीट काढलेली जिप्सी ज्या रस्त्यानं रोज जाते, त्याच रस्त्यानं वर्षातून एकदा आपल्या देवाला भेटायला माणसाला परवानगीचा अर्ज करावा लागतो, हे कुणाला तरी खटकायला हवं.

आणि मग सुरजागड. एटापल्ली तालुक्यातला लोहखनिजाचा डोंगर. माडियांच्या दृष्टीनं तो ठाकूरदेवाचा डोंगर. जानेवारीच्या सुरुवातीला तिथं यात्रा भरते. सुरजागड पट्टीतल्या सत्तर गावांची माणसं देव घेऊन, ढोल घेऊन चालत येतात. बाबुराव शेडमाक्यांचं नावही याच मुलखाशी जोडलेलं आहे. 1858 मध्ये इंग्रजांविरुद्ध उठले आणि त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात फासावर गेले. यात्रेत त्यांनाही मान असतो. 2007 मध्ये इथल्या सुमारे 348 हेक्टरांचा खाणपट्टा लॉईड्स मेटल्सला मिळाला. अनेक वर्षं विरोध, जाळपोळ आणि नक्षलवाद्यांचं सावट यांत काम रखडलं. 2021 पासून ते जोरात आहे. रोजगार आला, कोनसरीला कारखाना आला, पक्क्या नोकरीचं स्वप्न प्रथमच पाहणारी स्थानिक पोरंही आहेत. हे सगळं खरं आहे आणि ते नाकारून डोंगराची बाजू मांडता येणार नाही.

पण मार्कंड्याच्या शिखराखाली लोखंड सापडलं असतं तर? प्रश्नच वेडगळ वाटतो, कारण तिथं कायदा आहे, शंभर मीटरची हद्द आहे, निळी पाटी आहे. ठाकूरदेवाला भिंत नाही, शिखर नाही, शके अमुकचा लेख नाही. त्याचा डोंगर हीच त्याची मूर्ती. ती भूगर्भशास्त्राच्या नकाशात खनिज म्हणून नोंदली गेली, आणि पुरातत्त्वाच्या यादीत तिच्यासाठी रकानाच नव्हता.

असा रकाना देशात एकदा तयार झाला आहे. ओडिशातल्या नियमगिरीच्या बॉक्साइटचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा 18 एप्रिल 2013 च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की डोंगरिया कोंधांच्या देवाच्या, पूजेच्या हक्काला खाणीनं धक्का बसतो का, हे ग्रामसभांनी ठरवावं. त्याच वर्षी बारा ग्रामसभा भरल्या. बाराही जणींनी नकार दिला आणि खाण थांबली. गडचिरोलीला तर ग्रामसभेची ओळख करून द्यायलाच नको. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळवणारं मेंढा (लेखा) याच जिल्ह्यातलं, देवाजी तोफांचं. सुरजागडला मात्र 2022 मध्ये खाणीच्या विस्ताराची जनसुनावणी झाली ती गडचिरोली शहरात, डोंगरापासून शंभरावर किलोमीटर दूर.

मागण्या फार मोठ्या नाहीत. मार्कंड्याच्या कामाचं वेळापत्रक जाहीर करा. लालपेठच्या दुर्गेजवळ एक चौकीदार आणि एक सावलीचं छप्पर द्या. ताडोबात गावातल्या पोरी जिप्सीवर गाइड झाल्या, तशाच त्या भद्रावतीत आणि जटपुऱ्यातही होऊ शकतात. त्यांना शिकवायला गडचिरोलीत 2011 पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. भामरागडच्या स्मारकशिळांपर्यंत पर्यटक नेण्याची घाई मात्र करू नका. तिथं कुणी यावं का, कधी यावं आणि फोटो काढावा का, हे त्या गावांना आधी विचारा, आणि नको म्हणाले तर तो विषय संपला. पौषातल्या दोन दिवसांसाठी तारूची वाट अर्जाविना मोकळी करा. वन खातं सोबत माणूस देऊ शकतं.

आणि सुरजागडच्या विस्ताराची पुढची सुनावणी कधीही झाली तरी ती डोंगराजवळच्या हेडरीला घ्या, नाहीतर एटापल्लीला. माडियातून बोलणं होऊ द्या, त्याचं मराठी टिपण तिथल्या तिथं वाचून दाखवा. तारीख ठाकूरदेवाच्या यात्रेला जोडून धरली तर सत्तर गावांची माणसं त्या आठवड्यात तशीही डोंगरावर असतात.